बेअरफूट बुटांची सवय कशी करावी

माझे पहिले बेअरफूट बूट (अनवाणी चालल्यासारखं वाटावं म्हणून पातळ तळाचे केलेले) पाहून आई म्हणाली, "अनवाणीच चालायचं तर एवढे पैसे कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. घरात फरशीवर तर अनवाणीच फिरा, त्यासारखा सराव नाही. बूट लागतो तो बाहेर. ठाण्यात पेव्हर ब्लॉकच्या वर आलेल्या कडा, काचा आणि एप्रिलमधलं डांबर आहे, म्हणून.

बूट खरंच बेअरफूट आहे का, हे तीन गोष्टींवरून ओळखा. टाच आणि चवडा एकाच पातळीवर हवा (नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच साधारण १० मिलिमीटर उंच असते). बुटाची चपातीसारखी गुंडाळी झाली पाहिजे. आणि पुढचा भाग पावलाच्या आकाराचा, बोटांशी रुंद हवा. माप संध्याकाळी घ्या, तोवर पाय जरा सुजलेले असतात. आतली सोल बाहेर काढून तिच्यावर उभे राहा. करंगळी बाहेर लोंबली तर तो बूट परत ठेवा, दुकानदार "वापरून सैल होईल" म्हणाला तरी.

हाच दुकानदार "महिन्यात पाठ ताठ होईल" असंही सांगेल. ऐकून घ्या आणि सोडून द्या. पाच बोटांचे बूट काढणाऱ्या व्हायब्रम कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेत आरोग्याच्या दाव्यांवरून चाललेला खटला, चूक कबूल न करता, ३७.५ लाख डॉलरवर मिटवला होता. माझ्या बाबतीत झालं ते इतकंच: उभं राहताना एका पायावर भार टाकून कंबर वाकडी करायची सवय कमी झाली, कारण तळव्याला भार कुठे पडतोय ते कळायला लागलं. आणि बोटं मोकळी झाली. मला तेवढं पुरलं.

आता खरी अडचण. मी जिथे आपटलो ती.

पहिल्या आठवड्यात काहीच दुखलं नाही, म्हणून दुसऱ्या रविवारी मी उपवन तलावाला फेऱ्या मारत सुटलो. तासाभराच्या वर चाललो असेन. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा आखडल्या की सोसायटीचा जिना कठडा धरून उलटा उतरलो. ते चार दिवसांत गेलं आणि मी शहाणा होण्याऐवजी पुन्हा निघालो. तिसऱ्या आठवड्यात डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, एक बारीक ठणका सुरू झाला. बूट घालताना नाडी तिथे टेकली तरी कळ यायची. डॉक्टरांनी हाडावर ताण आलाय म्हणून सांगितलं आणि सहा आठवडे चालणं बंद.

त्यातून कळलं ते असं. स्नायू लवकर तयार होतात, हाड सावकाश. पोटरीचं दुखणं थांबलं की आपल्याला वाटतं झालं, जमलं. नेमका तोच काळ धोक्याचा, कारण बोटांमागची लांब हाडं अजून तयार झालेली नसतात आणि आपण अंतर वाढवत सुटतो. "शरीराचं ऐका" हा सल्ला इथे कुचकामी आहे. हाड बोलतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून घड्याळाचं ऐका. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड दहा मिनिटं, बाकी चालणं जुन्या बुटात. जुने बूट पिशवीत घालून सोबत न्या. मी कचराळी तलावाच्या बाकावर बसून बदलायचो, लोक बघायचे, बघू दे. पुढे आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. बरं वाटतंय म्हणून दहा वाढवू नका.

दुखणं ओळखायला शिका. दोन्ही पोटऱ्या सारख्याच, पसरून दुखत असतील तर ते कष्टाचं दुखणं, एक दिवस थांबा. एकाच पावलात, एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, तर बूट कपाटात आणि तुम्ही डॉक्टरांकडे. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाचेच्या मागची शीर ताठलेली वाटली तर अंतर निम्मं करा.

चालही बदलावी लागते. टाच धाडकन आपटायची सवय जाड तळामुळे लागलेली असते. पावलं आखूड टाका आणि कान द्या: रिकाम्या पार्किंगमध्ये धपधप ऐकू आली तर तुम्ही चुकताय. मुद्दाम चवड्यावर चालायला जाऊ नका, तो अर्धवट सल्ला पळणाऱ्यांसाठीचा आहे. टाच टेकू दे, हळू टेकू दे.

जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली-वर, रोज पंधरा वेळा. कंटाळवाणं आहे, करा.

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर हा प्रयोगच नको. पातळ तळातून खडा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही. टाचदुखी चालू असेल तर आधी ती बरी होऊ द्या.

दोन बारीकसारीक गोष्टी. गर्दीच्या वेळी ठाणे स्टेशनच्या पुलावर हे बूट घालू नका. रुंद, मऊ बुटावर कोणाचा पाय पडला की काय होतं ते मी अनुभवलंय. आणि पावसाळ्यात तळाची नक्षी बघा, बऱ्याच बुटांना ती नावापुरतीच असते, शेवाळावर सरळ आडवे व्हाल.

येऊरच्या दगडधोंड्यांच्या वाटेवर मी आज तीन वर्षांनंतरही जुनेच बूट घालून जातो.