पन्नास किलोच्या कुत्र्याचं वजन घरच्या घरी

जंताच्या गोळीचा डोस वजनावर ठरतो. छोट्या कुत्र्याला उचलून आपण काट्यावर उभे राहतो आणि नंतर आपलं वजन वजा करतो. पण वाढलेला रॉटवायलर नर ५०-६० किलोचा असतो, त्याला उचलणार कोण? एका काट्यावर चारही पाय मावत नाहीत.

त्यावर उपाय म्हणजे दोन काटे. एक आपला, एक शेजाऱ्यांचा.

१. फरशीवर थोडं अंतर ठेवून दोन्ही काटे मांडा, वर कुत्र्याच्या लांबीची प्लायची फळी टाका. फळीवर जुनी चटई अंथरा. पाय घसरला तर तो पुन्हा चढत नाही (आमचा आठवडाभर रुसला होता).
२. रिकाम्या फळीचे दोन्ही आकडे लिहून घ्या.
३. खाऊ दाखवून त्याला मधोमध उभं करा. दोन्ही आकड्यांची बेरीज करा, त्यातून फळीचं वजन वजा करा.

आकडा बघताना पट्टा ढिला सोडा, हात लावू नका. नुसत्या आधारानेही दोन-तीन किलोंचा फरक पडतो. डिजिटल काटे फळी ठेवल्यावर आपोआप शून्यावर येतात की नाही, तेही आधी बघून घ्या. येत असतील तर वजाबाकी नको.