कोकणातला निसर्ग शिकताय? मग या चुका टाळा (बऱ्याचशा मी स्वतः केल्यात)

देवरुखकडे मावशीच्या गावी गेलो होतो, तिथले आप्पा वडाच्या झाडाकडे बोट करून म्हणाले, "तो बघ, गरुड बसलाय." मला काही दिसलं नाही, पानांआड होता, पण आप्पांची सगळी हयात त्याच गावात गेलेली, मग मी कोण शंका घेणार. ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) त्या दिवसाची यादी भरताना गरुड टाकायला घेतला, कुठला ते कळेना, म्हणून नाव बरं वाटलं तो सोनेरी गरुड टाकून दिला. कोकणात! यादी तपासणाऱ्याचा दोन दिवसांत मेसेज, फोटो आहे का? फोटो कुठला असणार. दिवाळीत परत गेलो तेव्हा आप्पांचा तोच "गरुड" डोक्यावरून गेला, पंखांचा आवाज असा की वाफेचं इंजिन चाललंय, आणि चोचीवर ही मोठी पिवळी शिंगोटी. धनेश! आमच्याकडे बऱ्याच गावांत धनेशाला गरुडच म्हणतात हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

आता यात आप्पा चुकले असं मी अजिबात म्हणणार नाही, चूक माझी. गावातलं नाव ऐकलं की ते पुस्तकातल्या नावावर तसंच चिकटवायचं, ही कोकणात निसर्ग शिकताना होणारी पहिली चूक, आणि बाकीच्या अर्ध्या चुका तिच्यातूनच निघतात. नाव ऐकलं की पुढे विचारा, रंग काय, खातो काय, घरटं कुठे करतो, ओरडतो कसा. "मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून भरवतो" एवढं आप्पांनी सांगितलं असतं की संपलं होतं काम, आणि विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंच असतं, त्यांना माहिती होतं.

माशांचं तर विचारूच नका. सरंगा म्हटलं की कुणी पापलेट दाखवतं, कुणी हलवा, आणि दोघंही भांडायला तयार. म्हणून वहीत नुसतं "सरंगा" लिहू नका, कुठल्या बंदरावर, कुणी सांगितलं तेही लिहा, आणि माशाचा आडवा, पूर्ण, शेपटी न कापलेला फोटो घ्या.

कांदळवनात उलटा प्रकार होतो. शहरातून आलेला माणूस सगळ्याला एकच शब्द वापरतो, खारफुटी, आणि पुढे जातो. खाडीकाठच्या माणसाला विचारा, तो तिवर वेगळं सांगेल, कांदळ वेगळं, चिप्पी वेगळी. आणि ओळखायला पुस्तकसुद्धा लागत नाही. चिखलातून पेन्सिली उभ्या रोवल्यासारखी बारीक मुळं वर आलीत ना, ते तिवर. झाड कमानीसारख्या पायांवर उभं आहे, ते कांदळ. चिप्पीचीही मुळं वर येतात पण ती जाडजूड, शंकूसारखी, आणि फळ चपटं, गोल, खाली पाकळ्यांची चांदणी. यातली पांढरी चिप्पी २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवृक्ष आहे, तरी खाडीवरून रोज जाणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ती दाखवता येणार नाही. ज्यांना नीट बसून शिकायचंय त्यांनी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र बघून यावं, तिथे हे सगळं समोर दाखवतात, मग आपल्या गावची खाडी वेगळीच दिसायला लागते.

ॲप चुकतं म्हणून ओरडण्याआधी

"आयनॅचरलिस्टने माझ्या बेडकाला ब्राझीलचा बेडूक म्हटलं" ही फोटोवरून जीव ओळखणाऱ्या ॲपबद्दलची तक्रार मी इतक्या वेळा ऐकलीय! दहापैकी आठ वेळा कारण एकच, फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला. व्हॉट्सॲप फोटो बारीक करतं आणि त्यातली जागा-तारीख उडवून टाकतं, मग ॲपला कळणार कसं की हा बेडूक चिपळूणचा. मित्राकडून फोटो हवा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर त्याला सांगा तूच अपलोड कर. स्वतःच्या फोनमध्ये कॅमेऱ्याचं लोकेशन चालू आहे का ते एकदा बघा, आणि सुचवलेल्या नावांत आसपास दिसलेलेच दाखव असा पर्याय असतो तो चालू ठेवा. एवढं करून ब्राझील आलं तर मग बोला.

मर्लिन या ॲपवर पक्ष्यांचे आवाज ओळखताना एक गंमत लक्षात ठेवा. आपल्याकडे भृंगराज नावाचा पक्षी आहे, लांब शेपटीच्या टोकाला दोन चकत्या, आणि हा इसम दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो. तुम्ही खूश की पाच मिनिटांत सहा पक्षी मिळाले, वर बघितलं तर एकटा भृंगराज. नुसता आवाज मिळाला तर नोंद करा, पण डोळ्यांनी बघितलं असं लिहू नका.

सापाच्या बाबतीत मात्र मी गंमत करणार नाही. मण्यार आणि कवड्या यांत भलेभले गोंधळतात, अंधारात मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून ॲपही गोंधळतं. मण्यारीच्या अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुतेक जोडीजोडीने, मानेजवळ पुसट किंवा नसतातच आणि शेपटीकडे ठळक होत जातात; कवड्याचे उलट, मानेकडे ठळक, शेपटीकडे विरत जातात. हे वाचायला सोपं वाटतं, पडवीत रात्री अकराला बॅटरी हातात घेऊन नाही वाटत. म्हणून साप ओळखण्यासाठी जवळ जायचं नाही, सर्पमित्राला फोन. चावला असेल तर फोटो-बिटो, ॲप, मंत्र सगळं सोडून सरकारी दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर आपल्याकडे लस एकच असते, त्यामुळे साप ओळखत बसण्यात वेळ घालवायची गरजच नाही. फुरसं तर आपल्याच कातळावरचं, दगड उलटताना हात आधी काठीचा जाऊ द्या.

तिथी न बघता किनाऱ्यावर जाणं

पुतण्याला आणि त्याच्या दोन मित्रांना खडकातलं समुद्रजीवन दाखवायचं म्हणून रविवारी सकाळी नऊला घेऊन गेलो. सप्तमी होती. खडक पाण्याखाली, पोरं वाळूत बसून कुरकुरे खातायत, आणि शेजारी जाळं शिवत बसलेले एक तांडेल हसतायत. म्हणाले, "आज भांग आहे रे, आज काय दिसणार?"

भांग म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपासचे दिवस, पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. उधाण म्हणजे पुनव-अवसेच्या आसपास, तेव्हा पाणी लांबवर आत जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. वेळ काढायचा हिशेब माझ्या आजीला यायचा, मला नव्हता येत: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास अलीकडे-पलीकडे. म्हणजे पौर्णिमेला ओहोटी पहाटे पाचला पडते, अंधारात, काय उपयोग. द्वितीया-तृतीयेला तीच साडेसात-सव्वाआठला येते, उधाणही ओसरलेलं नसतं, पोरांना न्यायला याहून चांगला दिवस नाही. हिशेब ढोबळ आहे, नेमकी वेळ जवळच्या बंदराच्या तक्त्यात बघा, आणि मुंबईचा तक्ता बघून मालवणला जाऊ नका, तिकडे भरती मुंबईच्या आधी येते. पाणी पूर्ण ओसरायच्या तासभर आधी पोचा, पाणी वळलं की निघा, समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. दगड उलटलात तर परत होता तसाच ठेवा, खालच्या बाजूला कुणाचं तरी घर असतं. आणि शंकूच्या आकाराचा नक्षीदार जिवंत शंख हातात घेऊ नका, त्यातले काही विषारी डंख मारतात.

खडकातलं बघून झालं की रत्नागिरीला झाडगावात कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथलं मत्स्यालय आणि संग्रहालय बघा, देवमाशाचा सांगाडा आहे. लोक तिथे मुलांना रंगीत मासे दाखवायला नेतात आणि बरणीतले नमुने न बघताच परत येतात, खरा अभ्यास त्या बरण्यांत आहे.

कासवांबद्दल थोडक्यात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं, आता आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी किनाऱ्यांवर घरटी राखली जातात. चूक एकच, रूम आधी बुक करणं आणि पिल्लांचं नंतर विचारणं. अंडी घातल्यापासून पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, घरट्याची तारीख तिथल्या कासवमित्रांकडे लिहिलेली असते, ती फोनवर विचारून दिवस मोजा, मग बॅग भरा. तरी नाही दिसली तर चिडू नका, फ्लॅश तर मारूच नका.

सड्यांचंही, म्हणजे कातळाच्या पठारांचंही तेच, मे महिन्यात बघून "नुसता कातळ, काही नाही इथे" असं लिहून टाकणारे बरेच. ऑगस्ट-सप्टेंबरात या, सीतेची आसवं फुललेली बघा, आणि पायवाटेवरूनच चाला.

शेवटची चूक म्हणजे ग्रामपंचायतीत न जाणं. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. मागून बघा, ती गावाची आहे. काही वह्या सुंदर आहेत, काहींत शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली सापडते. मी एका गावची बघितली, पक्ष्यांच्या पानावर नुसतं "गरुड" लिहिलेलं, पुढे काही नाही. सरपंच म्हणाले, तुम्हाला कळतंय तर तुम्हीच नीट करून द्या. मग आप्पांना घेऊन बसलो, पक्षी दोन संध्याकाळींत झाले. माशांच्या पानावर सध्या काम थांबलंय, सरंगा म्हणजे नक्की काय यावर आप्पा आणि पलीकडच्या वाडीतल्या काकी बोलत नाहीयेत.