ग्लोरँथात केऑस आणि दुष्टपणा: या चुका टाळा

ग्रेग स्टॅफर्ड यांनी 1966 मध्ये रचायला घेतलेल्या ग्लोरँथा या काल्पनिक जगात 'रूनक्वेस्ट' हा भूमिका वठवण्याचा खेळ चालवताना टेबलावर एक वाद ठरलेला: समोरचा केऑसचा, की नुसताच वाईट? अशा वेळी नियमांचं पुस्तक चाळून उपयोग नसतो, कारण घोळ आपण सोबत आणलेल्या समजुतींचा असतो.

पहिली चूक भाषांतराची. केऑसला 'अनागोंदी' म्हटलं की पुढचं सगळं फसतं. ('गोंधळ' म्हणावं तर संबळ ऐकू येतो.) इथे बेबंदपणाचा रून (जगातल्या एका मूळ शक्तीचं चिन्ह) वेगळा आणि केऑसचा वेगळा. थापाड्या युर्मल हा बेबंदपणाचा देव. त्याने कितीही उचापती केल्या तरी तो जगाच्या आतलाच. केऑस मात्र बाहेरच्या पोकळीतून आत शिरलेला. शब्द 'केऑस'च ठेवा.

दुसरी चूक नऊ खान्यांची. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच खेळात 1974 ला पात्राची वृत्ती सांगणाऱ्या लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस अशा तीनच बाजू होत्या. 1978 पर्यंत त्यांची नऊ घरं झाली. त्याच 1978 ला आलेल्या रूनक्वेस्टमध्ये असली घरंच नाहीत. तरी नवा खेळाडू वादळदेव ऑर्लँथचा भक्त असलेल्या आपल्या पात्रापुढे हौसेने त्या नऊंतलं 'केऑटिक गुड' लिहितो. ऑर्लँथच्या भक्तांत 'केऑटिक' ही सगळ्यात घाण शिवी आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.

सर्वांत जास्त खेळ बिघडतो तो 'दुष्ट कोण' याची एकच यादी केल्याने. ऑर्लँथने मृत्यू हे शस्त्र वापरून सूर्यसम्राट येल्मला मारलं, ही घटना घ्या. ऑर्लँथी म्हणतात, जुलमी सम्राट गेला. पण जग अंधारात बुडालं म्हणून त्याला परत आणायला ऑर्लँथच पाताळात उतरला. येल्मला पूजणाऱ्या डारा हॅपाच्या लोकांना ऑर्लँथ म्हणजे राजहत्या करणारा बंडखोर. ट्रोलांचं तिसरंच: मेलेला सूर्य त्यांच्या पाताळातल्या घरात जळत येऊन पडला आणि त्यांना घर सोडावं लागलं. तिन्ही कथा खऱ्या धरूनच खेळवा. सत्राआधी प्रत्येक जमातीसाठी एक ओळ लिहून ठेवा, 'आमचं वाटोळं कुणी केलं?' पुरोहिताच्या तोंडी काय घालायचं हे मग आपोआप सुचतं.

केऑसचा सैतानही एकच धरू नका. वाकबॉथ हा नीतीने सडलेला, काजाबोर म्हणजे निव्वळ विनाश. काजाबोरला पाताळात अरॅक्नी सोलारा या देवीने गिळलं आणि त्यातून काळ जन्मला. वाकबॉथला स्टॉर्म बुल या देवाने प्राक्स नावाच्या प्रदेशात एका प्रचंड शिळेखाली चिरडलं. खलनायक रचताना यातला नमुना कुठला हे आधी ठरवा; नाहीतर तो खुनशीही निघतो आणि निर्हेतुकही, म्हणजे धड कुणीच नाही.

अडलात तर एकच कसोटी लावा: बळी मेला, की नाहीसा झाला? मेलेला पाताळात जातो, म्हणजे मृत्यू जगाच्या घडीत बसतो. क्रिमसन बॅट या राक्षसी वटवाघळाने गिळलेल्याचा आत्माही उरत नाही, तो केऑस. सांगाडा चालताना दिसला म्हणून लगेच तलवार काढायला लावू नका. झोराक झोरान या देवाचे भक्त ट्रोल प्रेतं उठवतात, पण केऑसशी त्यांचं हाडवैर. व्हिवामॉर्ट या देवाचे व्हँपायर मात्र केऑसचेच.

स्टॉर्म बुलचा भक्त दिसेल त्याला 'केऑस!' म्हणून भिडत असेल, तर केऑस हुंगण्याच्या कौशल्याचा शंभरी फासा तुम्हीच पडद्याआड टाका. फसला तरी उत्तर 'काही जाणवत नाही', आणि खरंच काही नसलं तरी तेच. गावाला नागवणारा क्रूर सावकार यात कधीच सापडणार नाही, आणि सापडूही देऊ नका. लाल चंद्राच्या साम्राज्याचा साधा शिपाईही त्या भक्ताच्या नाकाला लागत नाही, जरी साम्राज्याचे पुरोहित केऑसलाही विश्वाचा भाग मानतात आणि ती क्रिमसन बॅट पाळतात.