कानात शिट्टी वाजत असताना ठाण्यात कसं राहायचं

डीजेसमोर नाचून, ढोलपथकात वाजवून नाहीतर रबाळे-महापेच्या कारखान्यात प्रेस मशीनवर वर्षं काढून कानात कुंईऽऽ सुरू झालं असेल आणि दुसऱ्या दिवशीही थांबलं नसेल तर आधी ईएनटीकडे जाऊन ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा. गोंगाटाने कान खराब झाला असेल तर ग्राफला बहुतेक वेळा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. ऐकूच कमी यायला लागलं असेल अचानक, तर त्याच दिवशी पळा, स्टेरॉइडचा काही उपयोग व्हायचा तर तो लवकरच होतो. आवाज एकाच कानात येतोय किंवा नाडीच्या ठोक्यावर येतोय, तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.

आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. तिकडून सिग्नल कमी येतो म्हणून मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो, त्यातूनच शिट्टी ऐकू येते आणि साधा कुकरसुद्धा अंगावर येतो, असं समजलं जातं. त्यामुळे "महिन्यात आवाज बंद" वाले थेंब घेऊ नका, आणि गरम तेल तर अजिबात नको (घरोघरी कोणीतरी सुचवणारच).

आता सगळे उलटं करतात ती गोष्ट, ती म्हणजे दारं-खिडक्या लावून, कानात बोळे घालून बसणं. शांततेत शिट्टी जास्त ऐकू येते आणि दिवसभर प्लग घातले की मेंदू व्हॉल्यूम अजून वाढवतो, मग चमचा पडला तरी दचकायला होतं. घरात काहीतरी हळू चालू ठेवा, पंखा, मोबाईलवर पावसाचा आवाज, काहीही, फक्त शिट्टी पूर्ण बुडेल एवढं मोठं नको, दोन्ही ऐकू आलं पाहिजे. रात्री तर नक्कीच ठेवा.

प्लग ठेवायचे खऱ्या गोंगाटासाठी, म्हणजे मिरवणूक, दहीहंडी, ड्रिलिंग, कारखाना. हिशोब असा की प्लगशिवाय ८५ डेसिबलला दिवसात आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी टेकवलेला प्लग शोभेचा.

स्वयंपाकघरात सिंकमध्ये रबर मॅट टाका, मिक्सरखाली जाड नॅपकिन घाला, आणि घरच्यांना स्पष्ट सांगा की ताटं आपटली की दुखतं, नाटक नाहीये. बाहेरची सवय हळूहळू लावा. आधी उपवन तलावाला सकाळी, मग तलावपाळी, मग दुपारचं स्टेशन, आणि शेवटी गर्दीच्या वेळचं. त्रास वाढला तर एक पायरी मागे या, पण घरात कोंडून घेऊ नका.

ऐकू कमी येत असेल तर कानाचं मशीन लावायला लाजू नका, बाहेरचं नीट ऐकू आलं की बऱ्याच जणांची शिट्टी मागे पडते. शिट्टीची धास्ती बसून झोप उडाली असेल तर सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी) करणारा थेरपिस्ट बघा, आवाज तोच राहतो पण छळणं कमी होतं. बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग ही कानाचं काम करणारी सरकारी संस्था आहे, तिकडेही दाखवता येतं.

आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकरला बंदी आहे, खाली वाजतच राहिला तर पोलिसांना ११२ लावा. सणांचे काही दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, ती यादी आधीच बघून ठेवा आणि त्या रात्री मागच्या बाजूच्या खोलीत झोपा, नाहीतर सरळ नातेवाईकांकडे जा.