ऑक्सिजन चेंबरच्या सिटिंग चालू आहेत? मग नवीन चष्मा लगेच करू नका

शुगरमुळे बाबांच्या पायाची जखम भरेना म्हणून डॉक्टरांनी हायपरबॅरिक ऑक्सिजनच्या ३० सिटिंग सांगितल्या, म्हणजे चेंबरमध्ये नेहमीच्या हवेच्या दुप्पट-सव्वादोनपट दाब आणि मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, रोज साधारण दीड तास. चौथ्या आठवड्यात बघतो तर बाबा बिनचष्म्याचे पेपर वाचतायत! "चष्मा सुटला रे माझा." आईने देवापुढे साखर पण ठेवली. त्याच संध्याकाळी शनिपारच्या स्टॉपवर बस पार जवळ येईपर्यंत बाबांना तिचा नंबर दिसेना.

डोळे सुधारलेले नसतात हो. जास्त ऑक्सिजनमुळे डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगात बदल होतो आणि नंबर मायनसकडे सरकतो, म्हणून जवळचं दिसतं आणि लांबचं धूसर. कोर्स संपल्यावर बहुतेकांचा नंबर दीड ते तीन महिन्यांत जागेवर येतो, कुणाला जास्तही लागतात. आम्ही घाई करून चष्मा केला, आता तो टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये पडलाय.

पहिल्या सिटिंगआधीच डोळे तपासून घ्या आणि नंबरच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. रेटिनाचं ऑपरेशन होऊन डोळ्यात गॅस भरला असेल तर हे आधीच सांगा, लाजू नका, तो गॅस डोळ्यात असेपर्यंत चेंबरमध्ये जायचंच नाही, दाब बदलला की गॅसचा आकार बदलतो आणि नजर जाऊ शकते. मोतीबिंदू असेल तर तोही सांगा, खूप सिटिंग झाल्या की तो वाढू शकतो. हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच आत जा, खाली बुडबुडे अडकतात.

घरी एक सोपा उपाय. दर रविवारी सोफ्यावर त्याच जागी बसून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचायच्या, एकेक डोळा झाकून. धूसर वाटायला लागलं की रात्रीची ॲक्टिव्हा बंद, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये नकोच ती रिस्क, रिक्षा करा सरळ.

पण एका डोळ्याची नजर न दुखता अचानक गेली तर रविवारची वाट बघू नका, रेटिनाची रक्तवाहिनी बंद झाली असू शकते, तडक इमर्जन्सीत जा. गंमत म्हणजे त्यात लवकर पोचलं तर हाच ऑक्सिजन वापरून बघतात, २४ तासांच्या आत.

कोर्स संपून दहावा आठवडा लागला तेव्हा बाबा पेपर हातात धरून आईवर ओरडत होते, "माझा चष्मा कुठे ठेवलास?"