पिचर व्हायचंय? आधी चेंडू मोजायला शीक

सॉफ्टबॉलमध्ये बॅटरकडे खालून चेंडू टाकते ती पिचर. पंचवटीतल्या आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीवर खडूने काढलेला एक चौकोन होता, गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीचा. सातवीत असताना सरांनी मला त्याच्यासमोर उभं केलं. "शंभर चेंडूंतले साठ यात बसव, मग मैदानावर ये." मला दोन महिने लागले. नाशिकच्या थंडीत सकाळी सहाला बोटं बधिर व्हायची, चेंडू नीट पकडताही यायचा नाही. पण पुढे शालेय ते विद्यापीठ अशी जी आठ वर्षं मी पिचिंग केली, ती त्या भिंतीवरच उभी होती.

नव्या मुली पहिला प्रश्न वेगाचा विचारतात. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग प्लेट (पिचरची जागा) ते होम प्लेट (बॅटरची जागा) अंतर फक्त ४३ फूट. पिचर पाऊल पुढे टाकूनच चेंडू सोडते, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरचा चेंडू बॅटरपर्यंत जेमतेम ०.४ सेकंदात पोचतो. वेग हवाच. पण नुसत्या वेगाची सवय बॅटरला दोन-तीन चेंडूंत होते. हात तसाच गरगर फिरला आणि चेंडू मात्र हळू आला, की तिची बॅट आधीच फिरून जाते. हा चेंजअप मी फार उशिरा शिकले. तू लवकर शीक.

सुरुवात मनगटापासून कर. भिंतीपासून दोन मीटरवर आडवी उभी राहा, हात मांडीजवळ ठेव आणि फक्त मनगटाच्या झटक्याने चेंडू सोड. घरात सराव करायचा तर मोज्यांचा गोळा चालतो. मग हाताचं अर्धं वर्तुळ, मग पूर्ण, पाऊल सगळ्यात शेवटी. कोपर ताठ ठेवून खांद्याने ओढू नकोस. आधी ड्रॉप, म्हणजे बॅटरजवळ झपकन खाली जाणारा चेंडू बसव. राइजची घाई नको. राइजबॉल खरं तर वर चढत नाही. उलट्या फिरकीमुळे तो डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कमी खाली येतो, आणि तशी फिरकी यायला वर्षं जातात.

आता खांद्याबद्दल. "खालून टाकतो, खांद्याला काही होत नाही," हे मैदानावर सर्रास ऐकू येतं. मीही त्यावर विश्वास ठेवला. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दोन दिवसांत चार सामने मी एकटीने टाकले, कारण संघात दुसरी पिचरच नव्हती. किती चेंडू टाकले ते कुणी मोजलं नाही, मीही नाही. तिसऱ्या दिवशी वेणी घालायला हात वर जाईना. सहा महिने गेले.

तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर युकिको उएनो होती. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये या जपानी पिचरने एका दिवसात दोन सामन्यांत ३१८ चेंडू टाकले आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी ९५. एकूण ४१३. अमेरिकेला ३-१ ने हरवून सुवर्ण मिळवलं. आम्ही मुली हा आकडा मंत्रासारखा म्हणायचो. त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधून गेलं, तरी ती खेळत राहिली. २०२१ला टोकियोत हा खेळ ऑलिंपिकमध्ये परतला, तेव्हा ती ३९ वर्षांची होती आणि अंतिम सामन्यात पुन्हा अमेरिकाच समोर होती. या वेळी सहाव्या डावात तिच्या जागी तरुण मिउ गोतो आली आणि शेवटच्या डावाला उएनो परतली. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येता येतं, हा नियम नीट वाचून ठेव. जपान २-० ने जिंकलं. माझ्या लेखी ४१३पेक्षा हा सामना मोठा आहे.

नोकरीचंही सांगते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण स्पर्धेचा दर्जा आणि प्रमाणपत्राची पडताळणी या दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी त्याच दिवशी ताडून बघ.

आता शाळेच्या मैदानावर मी मुलींना शिकवते, तेव्हा कॅचरच्या किटमध्ये एक वही असते. सरावाचे चेंडूही तिच्यात मांडले जातात. आणि निवड चाचणीला एकीनेच चांगला चेंडू टाकला, तरी भिंतीसमोर मी दोघींना उभं करते.