एसओपीवर तीन सह्या, पण कुणाची कशासाठी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे इथल्या औषध कारखान्यात ऑडिटरने एसओपीवरच्या (काम कसं करायचं ते पायरीपायरीने सांगणाऱ्या कागदावरच्या) मधल्या सहीचा अर्थ विचारला. तिघांनी तीन उत्तरं दिली. फार लाज वाटली. हुद्द्यांचे शिक्के मारले, ईमेल पाठवले, फरक शून्य.

जमलं ते असं. आधी अर्थ लिहून काढले: ‘तयार केले’ म्हणजे मजकूर माझा. ‘तपासले’ म्हणजे ड्रायरजवळ उभं राहून पायरी न् पायरी ताडून पाहिली, नुसती वाचली नाही. ‘मंजूर’ म्हणजे वापरायला परवानगी, जबाबदारी माझी. मग हेच शब्द सहीच्या चौकटीत छापले, शेजारी नाव, तारीख. (संगणकावरच्या सहीला अमेरिकेचा ‘२१ सीएफआर भाग ११’ हा सरकारी नियम नाव, तारीख-वेळ आणि सहीचा अर्थ, तिन्ही मागतो.) नंतर सगळ्यांना प्रशिक्षण. शेवटी जुने फॉर्म मोजून परत घेतले. एक जरी राहिला, तरी रात्रपाळीत तोच भरला जातो.